पाकटाचे डोळे

माझ्या घाबरटपणाचा कोणाला कधी उपयोग झाला असेल, तर तो आमच्या चेन्नईच्या घरमालकांना. बाकीच्यांना त्याचा तापच झाला. आईला झाला, सासूबाईंना झाला, माझ्या नवऱ्याला तर अजून होतो. कुकरची शिट्टी झाली की मी दचकते. फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जाते. दुकानदाराने काय पाहिजे म्हणून विचारलं की पाहिजे असलेलं विसरते आणि समोर दिसेल ते घेऊन येते. चेन्नईत पहिल्या महिन्यात आमच्या घरी मोहरी फार झाली होती, कारण मोहरीची बरणी दुकानात अगदी पुढे होती आणि नुसतं बोट दाखवून भागत होतं.

नवऱ्याला इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही रत्नागिरी सोडून तिकडे गेलो. दोन हजार एक किंवा दोन साल असेल. कंपनीची बस वडपळनीला यायची, म्हणून घर तिथेच बघितलं. घरमालक मराठी आहेत असं कळल्यावर मला एवढा आनंद झाला की वरच्या मजल्यावरच्या खोल्या न बघताच मी मान हलवली. मालकांनी दार उघडलं आणि म्हणाले,

"यावें, यावें. प्रवास सुखाचा जाहला कां?"

मी नवऱ्याच्या मागे लपले. मला वाटलं आत कोणीतरी पोथी वाचतंय.

ते तंजावरकडचे. त्यांच्या पणजोबांचे पणजोबा कधीतरी तिकडे गेले, आणि जाताना बरोबर जी मराठी नेली तीच या घराण्याने जपून वापरली. मध्येच तमिळ यायचं. 'ठीक' म्हणायचं असलं की 'सरि', आणि कपाळाला हात लावायचा असला की 'अय्यो'. गल्लीत त्यांना सगळे राव सार म्हणत. मी काका म्हणायचे. सत्तरीचे, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोटांना कायम चिंचोक्याची खळ लागलेली असे, आणि बोलताना ते ती वाळलेली खळ सोलत बसत. त्यांच्याशी गप्पा मारून उठलं की जमिनीवर केर काढायला लागायचा.

काकांनी चाळीस वर्षं सिनेमासाठी जनावरं बनवली होती. खरी नव्हे, कागदाची, बांबूची, फोमची. देवादिकांचे सिनेमे निघत तेव्हा गरुड, नंदी, पाच फण्यांचा नाग, सगळं त्यांच्या हातचं असायचं. आता तसे सिनेमे निघत नव्हते आणि उरलेली जनावरं आमच्या मागच्या अंगणात राहत होती. गरुडाचा एक पंख मोडला होता, त्याच्याखाली काकूंची रोपं होती. मगरीच्या पाठीवर ऊन चांगलं यायचं म्हणून मी तिथे कपडे वाळत घालायचे. काकू एकदा म्हणाल्या, "त्या पाठीवर गंगामाई बसली होती गे. आतां तुझ्या नवऱ्याची विजार बसते." मला इतकी लाज वाटली की मी विजार काढून घेतली. काका धावत आले आणि स्वतःच्या हाताने परत घातली. म्हणाले, रिकाम्या पाठीचं जनावर उदास होतं.

त्यांचं असंच होतं. कोणतंही जनावर ते भिंतीकडे तोंड करून ठेवत नसत. दोन्ही कान कधी सारखे करत नसत. सारखे कान मेलेल्याचे, असं त्यांचं म्हणणं. एकदा हत्तीची सोंड घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टरने सोंडेचं तिकीट मागितलं. काकांनी त्याला तमिळमध्ये जे सांगितलं ते घरी येऊन मला मराठीत सांगितलं, "म्यां म्हटलें, पूर्ण हत्ती चढेल तेव्हां माग." कंडक्टरने त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवलं. सोंडेसकट चालत आले, पण रागावलेले अजिबात नव्हते. रस्त्यात फार पोरं मागे आली म्हणाले.

माझा घाबरटपणा त्यांना कळला तो एका पालीमुळे. त्यांनी नुसत्या गोंदाची एक पाल करून जिन्यावर वाळत ठेवली होती. मी पाण्याची बादली घेऊन येत होते. पुढचं सांगायला नको. बादली खाली गडगडत गेली आणि माझी किंकाळी शेजारच्या इमारतीत ऐकू गेली. काका धावत आले. मला वाटलं, लागलं का विचारतील.

"काय सुंदर भितेस गे मुली!" ते म्हणाले. "पुन्हां एकदां भी पाहूं!"

तेव्हापासून ते मला खालून हाक मारत. "मुली, हातचें काम ठेव. जरा खालीं ये, भिऊन जा." मी जायचे. ते काहीतरी दाखवायचे, आणि माझ्या चेहऱ्याकडे डॉक्टरसारखं बघायचे. मी नुसती दचकले तर त्यांचं समाधान होत नसे. "दचकणें वेगळें, भिणें वेगळें," म्हणायचे. "दचकलेला माणूस हसतो. भ्यालेला हसत नाहीं." काकू आतून ओरडायच्या, "जेवूं तरी द्या तिला, मग भिववा!"

मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवते. लहानपणापासून मी घाबरले की लोक हसायचे नाहीतर चिडायचे. कोणी माझं घाबरणं मन लावून बघितलं नव्हतं.

मग तो सिनेमा आला.

नुंगंबाक्कमला ऑफिस असलेला एक तरुण दिग्दर्शक एक दिवस घरी आला. त्याच्याजवळ दोन मोबाइल होते आणि तो दोन्हींवर एकदम बोलायचा. काकांना तो 'तात्ता' म्हणायचा, म्हणजे आजोबा. त्याला भीतीचा सिनेमा काढायचा होता. समुद्रकाठचं एक गाव, आणि उथळ पाण्यात येऊन माणसांना ओढून नेणारा एक भला मोठा पाकट. पाकट म्हणजे तो परातीसारखा चपटा मासा, लांब शेपटीचा, शेपटीवर विषारी काटा असतो तो. कॉम्प्युटरवर तो बनवणं त्याला परवडत नव्हतं म्हणून तो काकांकडे आला होता.

तो गेल्यावर काका किती तरी वेळ खळ सोलत बसले. मग मला म्हणाले, "चाळीस वर्षें मी केलेल्या जनावरांस लोकांनी हात जोडले गे. गरुडास जोडले, नागास जोडले, त्या मगरीसही जोडले. एकदां तरी माझें जनावर पाहून कोणी पळावें. डोळ्यांत मोतीबिंदू पिकतो आहे. हें शेवटलेंच काम."

आता खरी अडचण अशी की काकांच्या घरात सात पिढ्यांत कोणी माशाला शिवलं नव्हतं. पण बघितल्याशिवाय बनवायचा कसा? ते एकटेच काशिमेडूच्या मासळीबाजारात गेले आणि ओल्या पोत्यात गुंडाळून एक पाकट घेऊन आले. काकूंनी मागचं दार आतून लावून घेतलं. "तो आंत आला तर मी बाहेर," एवढंच म्हणाल्या. कॉफी खिडकीतून मिळेल असं ठरलं.

वर्तमानपत्रावर मासा आणि शेजारी वही घेऊन काका बसले, पण हात लावायचा धीर होईना. मी वरून बघत होते. शेवटी मीच खाली गेले. माझं माहेर खाडीकाठचं, मला त्यात काय? मी तो उलटा केला, पंख ताणून दाखवले, शेपटीवरचा काटा फडक्यात धरून दाखवला. काका चित्र काढत होते आणि मधून मधून माझ्याकडे बघत होते.

"ह्यास भीत नाहींस?"

"मेलेल्याला काय भ्यायचं काका?"

"अय्यो," ते म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहून ठेवलं.

अभ्यास संपल्यावर पाकटाचं कालवण आमच्या घरी झालं. काकूंनी दोन दिवस आमच्या जिन्याकडचं दारही उघडलं नाही.

दोन महिने ते काम चाललं. बांबूच्या कामट्या, फोम, वरून काळं रेक्झिन. रेक्झिनचे तुकडे मी शिवून दिले. एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत मोजला तर आमच्या खोलीत मावला नसता. डोळे सोडून सगळं झालं. डोळे काका नेहमी शेवटी करत. त्याला त्यांच्याकडे रीत होती. पहाटे अंघोळ करायची, पूर्वेला तोंड करायचं, डोळे पूर्ण होईपर्यंत पाणीही प्यायचं नाही. काकू समईही लावत. आणि एकदा उघडलेला, म्हणजे रंगवून पुरा केलेला, डोळा पुन्हा पुसायचा नाही. मोडका गरुड म्हणूनच अंगणात होता. त्याचे डोळे उघडलेले होते.

त्या दिवशी नऊ वाजता हाक आली. "मुली, ये. भिऊन जा."

पाकटावर चादर होती. काकांनी अंघोळीचा ओला पंचा अजून सोडला नव्हता, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांनी चादर ओढली.

मी बघितलं. एवढे मोठे, काठाला काजळ घातल्यासारखे, पाणीदार डोळे. काळं अंग कुठल्या कुठे गेलं. आमच्या गावच्या देवीचे डोळे असेच आहेत. नवरात्रात उपाशी राहिलेल्या बाईकडे ती बघते ना, तसा तो पाकट माझ्याकडे बघत होता. माझे हात आपोआप जोडले जाणार होते. मी ते पदरात घट्ट धरले.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मोतीबिंदूमुळे त्यांना फार जवळ यावं लागलं.

"भ्यालीस?"

आयुष्यात मी फार थोडं खोटं बोलले आहे, कारण मुळात बोललेच थोडं. पण त्या वेळी म्हटलं, "हो काका. फार."

काका खाली बसले. काकूंनी दिलेलं पाण्याचं भांडं त्यांनी एका दमात संपवलं. मग त्यांनी दिग्दर्शकाला फोन केला. तमिळमध्ये बोलले तरी मला कळलं. आमच्या घरची मुलगी भ्याली, आता अख्खं शहर भिणार, असं ते सांगत होते.

काकूंनी त्या दिवशी गोड शिरा दिला, तो मी तसाच नवऱ्यासाठी झाकून ठेवला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, सिनेमात लाइट मारतील, गाणं वाजवतील, होईल भयानक." त्याला काय, तो बसला गाडीत आणि गेला कारखान्यात.

शूटिंग शहराबाहेरच्या समुद्रकिनाऱ्यावर होतं. काकांनी मला आणि काकूंनाही नेलं. एवढे लोक बघून मी काकूंचा पदर धरूनच उभी राहिले. कॅमेऱ्यापुढे कापूर लावला, कुंकू भरलेला कोहळा फोडला. मग चार माणसांनी दोऱ्या ओढल्या आणि गुडघाभर पाण्यातून पाकट वर आला. पाणी पाठीवरून ओघळलं आणि ते डोळे उघडे झाले.

कोणीही किंचाळलं नाही. दिवे धरणाऱ्या एका माणसाने चप्पल काढली. मेकअपच्या बाईने देवळात लावतात तशी दोन्ही गालांना बोटं लावली. कोणीतरी उरलेला कापूर पुन्हा पेटवला. जिला किंचाळायचं होतं ती नायिका पाण्यात उभी राहून हात जोडत होती, आणि दोऱ्या ओढणारे चौघे जोरात काहीतरी देवाचं नाव घेत होते.

दिग्दर्शकाने दोन्ही मोबाइल खिशात टाकले, तेव्हाच मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलं. तो काकांवर ओरडला नाही. हळू बोलला, ते जास्त वाईट. काकूंनी मला सांगितलं, तो म्हणतोय की तात्ता, तुम्ही मला देव करून दिलात. संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर पाकट राहू दे, आपण गोष्टच बदलू.

काका ओल्या वाळूत पाकटाशेजारी बसले होते. मला त्यांनी हाताने बोलावलं.

"हे लोक मूर्ख आहेत कीं काय गे? तूं तर भ्याली होतीस."

सगळे बघत होते. माझे कान तापले. पण त्या माणसाने माझं घाबरणं इतकं मन लावून बघितलं होतं, आणि त्यांच्यासमोर खोटं घाबरले होते ती मी.

"नव्हते भ्याले काका," मी म्हटलं. "मला नमस्कार करावासा वाटला होता."

काका बोटांवरची खळ सोलायला गेले, पण त्या दिवशी बोटं स्वच्छ होती. शेवटी म्हणाले, "मग तूं कशास भितेस? खरें सांग. आतां खरेंच सांग."

मग मी सांगितलं. एवढं सलग मी कधी कोणाशी बोलले नव्हते. काका एकेक वाक्य तमिळमध्ये दिग्दर्शकाला सांगत गेले, म्हणून मला थांबत थांबत बोलता आलं.

ओहोटीला आम्ही खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, गोळा करायला जायचो. आई सांगायची, पाण्यात पाय उचलायचा नाही. घासत, ढकलत न्यायचा. वाळूखाली पाकट असतो, तो अंगावर वाळू ओढून पडून राहतो. पाय घासत गेलात की त्याला कळतं आणि तो निघून जातो. पाय उचलून त्याच्यावर ठेवलात की काटा मारतो. एकदा मला घाई झाली. मी पाय उचलला आणि पुढे टाकला. पायाखालची वाळू मऊ लागली. आणि हलली. बस, एवढंच. मी दुसरा पाय हवेत तसाच धरून उभी राहिले. आईला हाक मारली तर अंग हलेल, म्हणून हाकही मारली नाही. भरती सुरू झाली, पाणी पोटरीवर आलं. आई वळून बघेपर्यंत मी तशीच.

"मग? पाकट किती मोठा होता?" दिग्दर्शकाने काकांकरवी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला तो दिसलाच नाही. अजून दिसला नाही."

काकांनी हे तमिळमध्ये सांगितलं आणि दिग्दर्शक खाली वाकून वाळूकडे बघायला लागला. "मणल," एवढंच म्हणाला. वाळू.

त्यांनी पाकट उथळ पाण्यात वाळूखाली पुरला. लाट आली की वाळू जायची आणि डोळ्यांचं पांढरं चमकायचं. कॅमेरावाला नाही म्हणून मान हलवायचा. कोणीतरी म्हणालं, वरून रेक्झिन चिकटवू.

"झांकलेला डोळा उघडाच असतो," काका म्हणाले. त्यांनी थिनरची बाटली मागितली.

काकू पुढे झाल्या. "अहो, नको. उघडलेला डोळा आहे."

"पाहतों आहें मी," काका म्हणाले. आधी त्यांनी पाकटाला नमस्कार केला. मग फडकं भिजवलं आणि पुसायला लागले. एक डोळा पुसायला फार वेळ लागला. दुसरा त्यांनी लवकर पुसला, तोंड दुसरीकडे करून. मला वाटलं, आता ते मला कधी खाली बोलावणार नाहीत. तसंच झालं. त्यानंतर सहा-सात महिने मी जिना उतरायचे तर ते, "सरि, बाजारास निघालीस कां," एवढंच म्हणत.

सिनेमा लागला तेव्हा मात्र तिकिटं तीन आणली. दुपारचा खेळ होता. थिएटर अर्धं भरलेलं. काकू, मध्ये काका, मग मी. काकांनी पडद्याकडे बघितलंच नाही. तसंही त्यांना आता तेवढं दिसत नव्हतं. ते खुर्चीत उलटे वळून मागच्या लोकांकडे तोंड करून बसले आणि कान देत राहिले. मागच्या बाईने दोनदा विचारलं, काय पाहिजे म्हणून.

तो प्रसंग आला. पडद्यावर नुसतं पाणी, वाळू आणि नायिकेचे पाय. मला सगळं माहीत होतं. खाली बांबू आहे, रेक्झिनची शिवण माझ्या हातची आहे, दोरी उजवीकडच्या टकल्या माणसाच्या हातात आहे, आणि ओढताना तो शिंकला होता. नायिकेने पाय उचलला. पुढे टाकला. थांबली. आणि वाळू हलली.

थिएटरमध्ये पुष्कळ लोक ओरडले. पण सगळ्यांत मोठी किंकाळी कोणाची होती ते काकांना बरोबर कळलं. ते झर्रकन माझ्याकडे वळले.

"खरें? कीं मागच्यासारखें?"

मी अजून पडद्यावरच्या वाळूकडेच बघत होते. काका अंधारात खाली वाकून माझ्या खुर्चीपाशी हाताने चाचपायला लागले. त्यांच्या हाताला माझ्या रिकाम्या चपला लागल्या. एक, मग दुसरी. त्यांनी आणखी चाचपलं, अगदी मागच्या खुर्चीपर्यंत.

"ऐकलें कां!" ते काकूंना एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या तीन ओळी वळून बघायला लागल्या. "पाय नाहींत गे! दोन्ही वर घेतले मुलीनें!"

मागची बाई "शू" म्हणाली. काकूंनीही सांगितलं, गप बसा. पण काका मध्यंतरापर्यंत हसत होते.